हिंगूळ, सफेदा आणि मोहरमचा वाघ

आमच्या कुरुंदवाडात नाटक म्हणावे असे वर्षातून काही रात्रीच होते. एरवी आहे तो घाट, ऊस, दूध आणि बाजार. पण तोंडाला रंग फासण्याचे प्रसंग गावाला कधी कमी पडले नाहीत. गणपतीत सजीव देखावे, मोहरमात सोंगे, शाळेच्या गॅदरिंगमध्ये अफझलखान. आणि माणसांची तोंडे संपलीच तर बेंदराला बैलांची शिंगे आहेतच. हे रंग येतात कोठून, त्यांत असते काय, नाटकातला रंग रस्त्यावर कसा आला, असले प्रश्न मला पडावेत असे काही माझे शिक्षण नाही. ते पडले एका चुकीमुळे. चूक माझीच होती, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

२००६ सालच्या गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाने समुद्रमंथनाचा सजीव देखावा करायचे ठरवले. मास्तर म्हणून संवाद लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि कादंबऱ्या लिहिण्याची खोड असल्यामुळे मी ते ऐसपैस लिहिले. शंकराच्या सोंगासाठी सातवीतला एक सडपातळ, मोठ्या डोळ्यांचा मुलगा निवडला. गळ्याचा निळा रंग घामाने ओघळू नये म्हणून मी एक शक्कल काढली. लोखंडी दारांना देतात तो तैलरंगाचा डबा आणला, टर्पेंटाइनमध्ये पातळ केला आणि मुलाच्या गळ्याला व छातीला ब्रशने दिला. विजेच्या झोतात शंकर असा शोभला की बायकांनी हात जोडले. दुसऱ्या रात्री मुलाच्या गळ्यावर गांधी उठल्या. तिसऱ्या रात्री कातडी सोलवटून ताप भरला. मी घाबरून रॉकेलचा बोळा घेऊन रंग पुसायला निघालो, तेवढ्यात आमचे पेंटरमामा गर्दीतून पुढे आले.

"ठेवा त्यो बोळा, मास्तर. भाजलंय पोराचं अंग, आन् त्यावर रॉकेल?"

त्यांनी खोबरेल तेल कोमट करून मागवले आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पाऊण तास तो रंग इंचाइंचाने उतरवला. मी आपला समर्थन करीत होतो, की दाराला हा रंग दहा वर्षे टिकतो. मामा वर न बघता म्हणाले, "दाराला घाम येत न्हाई."

मुलाला दवाखान्यात नेले. तो आठ दिवसांत उठून बसला, पण गळ्यावरचा काळसर पट्टा पुढे कित्येक महिने होता. हलाहल पचवणाऱ्या देवाच्या गळ्याला मी हलाहलच लावले होते. मुलाच्या आईने मला एक शब्द विचारला नाही. पुढच्या वर्षी मुलाला मात्र पाठवले नाही.

सणासुदीत लेकराच्या वाट्याला आलेल्या अपघाताची आठवण या गावाला जुनी आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. जन्म १८ ऑगस्ट १८७२. लहानपणी नरसोबाच्या वाडीच्या दत्तजयंतीत तोंडाजवळ फटाका उडाला आणि त्यांची दृष्टी अधू झाली. पुढे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, हा सारा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. लोक याला दैवयोग म्हणतात. मला ते कधी पटले नाही. गाणे मिळाले ते खरे, पण डोळे गेले ते एका पोराचे, आणि तेही देवाच्या उत्सवात.

असो. त्या प्रकारानंतर मी पेंटरमामांच्या घरी जाऊ लागलो. मामांचा धंदा दुकानांच्या पाट्या व गाड्यांचे नंबर रंगवण्याचा. पण तरुणपणी ते जत्रांतल्या नाटकांना रंगवायला जात. त्यांच्याजवळ पत्र्याची एक पेटी होती. तीत कागदाच्या पुड्या, एक लहानशी सहाण, काजळाची डबी, जळके बूच आणि दाढ्यांसाठी पिंजून ठेवलेला ताग. एकेक पुडी सोडून ते सांगत: हा सफेदा, ही पिवडी, हा हिंगूळ, ही मुर्दाडशिंग. मुर्दाडशिंगाचा खडा सहाणेवर पाण्यात उगाळायचा, की तोंडाला लावायचा गुलाबट लेप तयार. त्यावर गालाला व ओठांना हिंगूळ, डोळ्यांना काजळ. राजा असो, राणी असो वा राक्षस, पेटी तीच. फरक हाताचा.

मामांची ही पेटी म्हणजे जुन्या मराठी नाटकाचीच पेटी. तिचा माग काढायला फार लांब जावे लागत नाही. आमच्याहून वीस-पंचवीस किलोमीटरांवर सांगली. तेथे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले. त्याआधी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीला झाले होते. ते पाहून राजेसाहेबांना तसे काही मराठीत व्हावेसे वाटले. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदे म्हणे, गणपती व सरस्वती येऊन जात, विदूषक हसवी आणि राक्षस आरोळ्या ठोकीत. पुढच्या सुशिक्षितांनी या आरोळ्यांवरून त्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून नावे ठेवली. त्यांच्या तोंडावरच्या भडक रंगालाही अशीच नावे ठेवली गेली. पांढरेफटक तोंड, लालभडक गाल, काळ्याकुट्ट भिवया. म्हणे ओबडधोबड, गावंढळ.

मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. आरोप करणाऱ्यांनी दिव्याचा विचार केला नाही. १८४३ साली विजेचा दिवा नव्हता. खेळ रात्री चाले तो मशालींच्या व तेलाच्या दिव्यांच्या उजेडात. हा उजेड पिवळा, धुरकट आणि हलता. माणसाचा गव्हाळ वा सावळा चेहरा चार हातांवरून दिसेनासा होतो. तो शेवटच्या रांगेला दिसावा तर आधी पांढरा पाया हवा आणि त्यावर नाकडोळे नव्याने काढायला हवेत. राक्षस यायचा तेव्हा मशालीवर राळेची पूड फेकीत. भक्कन ज्वाळा उठे आणि त्या एका क्षणात लाल-काळे तोंड दिसून पुन्हा अंधार होई. आज आपण राळ उडवतो ती भाषणात. तेव्हा खरी राळ उडे. त्या क्षणासाठी जो चेहरा रंगवायचा तो नाजूक कुंचल्याने रंगवून भागत नाही. रंगवणाऱ्याला आपला दिवा बरोबर कळला होता. ओबडधोबड झाले ते पाहणाऱ्याचे डोळे. तेही दिवा बदलल्यावर.

आणि दिवा बदलला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्याला ३१ ऑक्टोबर १८८० रोजी रंगभूमीवर आले. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची 'शारदा' आली १८९९ साली. तिच्यात देव नाहीत, राक्षस नाहीत. आहेत ती आपल्याच गल्लीत भेटतील अशी माणसे. त्यांना चुन्यासारखे पांढरे तोंड कसे चालेल? १९०५ साली मिरजेला नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले. त्यांच्या रूपाची मोहिनी अशी, की पुढे घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखे गजरे माळू लागल्या. पुरुषाने बाईचे सोंग घ्यावे आणि बायकांनी त्या सोंगावरून आपला सणाचा साज ठरवावा, असा उलटा प्रवाह जगात फार ठिकाणी वाहिला नसेल. मात्र त्यासाठी सोंग हे सोंग वाटता कामा नये. रंग कातडीसारखा दिसायला हवा.

तसा रंग तिकडे युरोपात तयार होत होता. लुडविग लाइशनर नावाचा जर्मन माणूस स्वतः ऑपेरात गाणारा. कोरड्या शिसाच्या भुकटीने नटांची होणारी दैना त्याने जवळून पाहिलेली. त्याने १८७३ साली बर्लिनमध्ये चरबीत कालवलेल्या रंगांच्या कांड्या करण्याचा कारखाना काढला. कांड्यांना आकडे होते. पाच नंबर फिकट, नऊ नंबर विटकरी. दोन्ही मिसळून गोऱ्या माणसाचा तजेलदार वर्ण होई. तो आकडा आपल्या वर्णाला कसा लागू पडणार! आपल्याकडच्या रंगवणाऱ्यांना मग त्यात पिवळे, तांबूस मिसळून आपला वर्ण आपणच साधावा लागला.

सिनेमा आला आणि सगळेच गणित फिरले. कोल्हापूर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरांवर. तेथले बाबूराव मेस्त्री मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यावरूनच ते बाबूराव पेंटर झाले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची 'सैरंध्री' १९२० सालची. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. हिंगूळ लावलेले ओठ पडद्यावर काळे ठिक्कर उमटत आणि तांबूस गालांवर डाग पडल्यासारखे दिसे. म्हणून जगभर मूकपटांतल्या नटांना फिकट, पिवळट लेप द्यावे लागत. १९१४ साली अमेरिकेत मॅक्स फॅक्टरने सिनेमासाठी निराळा पातळ लेप काढला तो यामुळेच. शेकडो वर्षे जो लाल रंग चेहऱ्याचा प्राण होता तो एका काचेच्या डोळ्यापुढे कुचकामी ठरला. मग हिंगूळ-सफेद्याच्या पुड्यांनी जावे कोठे?

त्या रस्त्यावर आल्या. गावच्या सणांचा उजेड अजून मशालीचाच होता, पुढे गॅसबत्तीचा झाला. लांबून, गर्दीतून, हलत्या उजेडात दिसायचे ही अट तशीच राहिली. तेव्हा नाटकाने टाकून दिलेला रंग सणांनी उचलला, किंवा खरे म्हणजे सणांनी तो कधी सोडलाच नव्हता. सह्याद्रीच्या पलीकडे दशावतारी नट आजही आपले तोंड आपणच रंगवतो आणि सोंगांचा पेटारा देवासारखा पुजतो. आमच्याकडे पेटारा नाही, पण मामांची पेटी वर्षभर फिरे.

बेंदराला ती बैलांकडे जाई. शिंगांना लावायचा तांबडा रंग तो हुरमुंज. या शब्दाची मला फार गंमत वाटते. इराणच्या आखाताच्या तोंडाशी होर्मुझ नावाचे तांबड्या मातीचे बेट आहे. त्या मातीचे नाव समुद्र ओलांडून, घाट चढून आमच्या गोठ्यापर्यंत आले. ज्याला होर्मुझ नकाशात दाखवता येणार नाही, तो शेतकरीही बेंदराच्या आदल्या दिवशी दुकानात हुरमुंज मागतो. वर्गात भूगोल शिकवताना मी शिंगांवरूनच सुरुवात करतो. मुले विसरत नाहीत.

श्रावण-भाद्रपदात पेटी गणपतीच्या मेळ्यांत जाई. लोकमान्यांच्या काळात सार्वजनिक उत्सव वाढला तसे मेळे निघाले. मुले एका वेषात पदे म्हणत हिंडत. मेळे ओसरले, त्यांच्या जागी देखावे आले आणि त्यांतही चालते-बोलते, म्हणजे सजीव देखावे. अंगाला चंदेरी रंग फासून पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणारे पोर तुम्ही पाहिले असेलच. त्या रंगात काय असते हे आता मला ठाऊक आहे, म्हणून मला ते पाहवत नाही.

विदूषकाचे तोंड मात्र आमच्याकडे दोन वाटांनी आले. एक नाटकातला आपला जुना विदूषक, दुसरा सर्कशीतला. विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पदरी घोड्यांचे काम पाहिलेले गृहस्थ. परदेशी सर्कस पाहून त्यांनी आपली सर्कस उभी केली आणि १८८० साली मुंबईत तिचा खेळ केला. भारतीय माणसाने काढलेली ही पहिली सर्कस. सर्कशीबरोबर विलायती विदूषकाचा चेहराही आला: पांढरे तोंड, गालांवर लाल तुकडे. लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो रूढ केला होता. आमच्या गॅदरिंगमध्ये आज जो जोकर असतो तो याच ग्रिमाल्डीचा वंशज; पण त्याच्या नाकावर टेकवलेला लाल ठिपका कुंकवाचा असतो.

आणि सगळ्यांत थोर सोंग वाघाचे. १८३२ साली लंडनला 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक छापले गेले. दख्खनी मुसलमानांचे रीतिरिवाज सांगणारे हे पुस्तक एलूरच्या जाफर शरीफांनी लिहिलेले. त्यात मोहरमातल्या सोंगांमध्ये वाघाचे सोंग आहे. म्हणजे भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'च्या आधी दख्खनच्या रस्त्यांवर रंगवलेला वाघ नाचत होता! नाटकाचा रंग रस्त्यावर आला असे मी वर म्हटले खरे. पण वाघ पाहिला की वाटते, रस्ताच आधीचा. नागपूरकडे हा वाघ फार गाजलेला. हे सोंग बहुधा नवसाचे असते. मूल जगले, आजार हटला, की वाघ व्हायचे कबूल केलेले असते.

मी पाहिलेला वाघ माझ्या लहानपणचा. मामांच्या ओसरीत सकाळी एक उघडा माणूस हातपाय पसरून उभा होता आणि मामा त्याच्या अंगावर पिवळा हात देत होते. पिवळा वाळल्यावर काळे पट्टे. पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीवर निमुळता व्हायला हवा, नाहीतर वाघाचे झेब्रा होते, असे मामा सांगत. पोटाला पांढरे. त्या माणसाला तीन तास बसता येत नव्हते, टेकता येत नव्हते. बायकोने त्याला ओट्याखालून हात वर करून चहा पाजला. डफ वाजला तेव्हा तो माणूस राहिलाच नव्हता. आम्ही पोरे किंचाळत पळालो, आणि त्यात त्याची स्वतःची पोरगीही होती. त्याच मामांनी भाद्रपदात मेळ्यातल्या कृष्णाला रंगवलेले मी पाहिले. पुढे तर गावातल्या मशिदींत गणपती बसवण्याची चालच पडली. गेली चाळीसएक वर्षे ती चालू आहे. वर्तमानपत्रांना त्याचे अप्रूप वाटते. मामांना या गोष्टीबद्दल विचारले तर ते म्हणत, "काळा उरलाय का बघा डबीत."

आता पेटीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. सफेदा पूर्वी शिसाचा असे. जस्ताचा नंतर आला. मुर्दाडशिंग म्हणजे शिसाचेच भस्म. हिंगूळ हा पारा व गंधक यांचा. देवाला फासतात तो शेंदूरही पूर्वापार शिसाचा. चढाओढीत गवयाला शेंदूर चारून त्याचा आवाज घालवल्याच्या कथा नाटकमंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. आणि वाघाचा झळझळीत पिवळा पूर्वी कोठे कोठे हरताळाचा असे. हरताळ म्हणजे सोमल व गंधक. केरळच्या कथकलीतही पिवळ्यासाठी हरताळ आणि लालसाठी हिंगूळ वापरीत आले आहेत. आपल्याकडे पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून ते पुसून टाकीत. त्यावरूनच आपण एखाद्या गोष्टीला हरताळ फासतो. माणसाच्या कातडीवर हरताळ फासायचा म्हणजे कोणते अक्षर पुसायचे?

शिसाची निर्धोक अशी मात्राच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; मुलांच्या मेंदूला ते फार बाधते. नट रोज लावीत, रात्र-रात्र घामात भिजत, आणि पुसताना थोडे पोटातही जाई. कोणाचे हात थरथरले, कोणाचे पोट कायमचे बिघडले, याची वही कोणी ठेवली नाही. नाटकांचे इतिहास पदे कोणी म्हटली ते सांगतात.

मामांना हे शास्त्राने ठाऊक नव्हते, अनुभवाने होते. मुर्दाडशिंगाची पुडी ते दाखवीत, पण उघडीत नसत. "ही आता कुणाला लावायची न्हाई. पण टाकवत बी न्हाई," म्हणत. त्यांनी आपली कृती कधीच बदलली होती. पांढऱ्याला दुकानातला जस्ताचा सफेदा. तोही तेल चोळल्यावर. वाघाला पिवडीत हळद. हळद घामाने उतरते, पण अंगाला काही करीत नाही. काळ्याला काजळ. मिशीला जळके बूच. तांबड्याला गेरू, कपाळाला हळदीचे कुंकू. आणि मुख्य नियम: जो रंग लावायचा त्याचा एक ठिपका आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून रात्रभर ठेवायचा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा व पंचगंगा एक झाल्या आणि गावात पाणी शिरले. मामांचे घर छपरापर्यंत बुडाले. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ काढायला गेलो तेव्हा पेटी कोपऱ्यात सापडली, कडी तशीच लागलेली. आत सगळा चिखल. कागद विरघळले होते, पिवडी व सफेदा गाळात मिसळून गेले होते. हिंगुळाचा खडा मात्र पाण्याने धुतल्यावर पुन्हा जसाच्या तसा लाल. मामांनी तो हातात धरला नाही, काठीने बाजूला सारला आणि मला म्हणाले, "पोरांच्या हाती लागंल अशा जागी नगा टाकू." मी तो व मुर्दाडशिंगाचा उरलेला गोळा काचेच्या बरणीत बंद करून ठेवला आहे. नदीत टाकायचे धैर्य झाले नाही. पाणी त्या नदीचेच पितो आपण.

त्या वर्षी गणपती बसले २ सप्टेंबरला आणि मोहरमचा महिनाही त्याच सुमाराला लागला. घराघरांत ओल होती. देखावा करावा की नाही यावर मंडळात वाद झाला. शेवटी अगदी लहानसा, अर्ध्या तासाचा करायचे ठरले. विषय पोरांनीच निवडला: शंकर आणि गंगा. मी नको म्हणालो. पोरे ऐकेनात. तेव्हा शहरातून पाण्यात विरघळणारा, अंगाला लावायचा निळा रंग मागवला, डब्यावरची बारीक अक्षरे दोनदा वाचली, आणि तरी डबा घेऊन मामांकडे गेलो. त्यांचे डोळे तोवर अधू झाले होते. त्यांनी बोटावर रंग घेतला, वास घेतला, चिमटीत चोळला आणि शंकर होणाऱ्या मुलाला जवळ बोलावून त्याच्या मनगटावर एक ठिपका लावला. "उद्या दाखीव," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मुलगा माझ्या दारात हात पुढे करून उभा होता. ठिपका जागच्या जागी होता. मी तो ओल्या फडक्याने पुसला. खालची कातडी स्वच्छ होती.